डबेवाल्याला सुट्टी आहे, भाजीच्या टेम्पोला का नाही?



चैत्र लागला की जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या आपल्या पट्ट्यात जत्रा सुरू होतात, आणि एप्रिलातला साधारण एक आठवडा मुंबईचा डबा बंद होतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला रोज सकाळी घरोघरून डबा उचलणारी आपलीच माणसं गावी येतात. कुणी पालखीला खांदा देतो, कुणी बैलगाडा घाटावर धुरळा खातो, कुणी बराखीत कांदा भरायला हात लावतो. त्या आठवड्यात उपनगरातला नोकरदार कँटीनमध्ये जेवतो, वडापाववर भागवतो, नाहीतर डबा स्वतःच पिशवीत घालून लोकल पकडतो. पेपरात आधी बातमी येते. दरवर्षी येते. आठवडा संपला की डबा परत सुरू, आणि गिऱ्हाईक तेच.

आता त्याच आठवड्यात त्याच गावातनं रात्री निघणारे भाजीचे टेम्पो बघा. एकही थांबत नाही. जत्रेच्या आदल्या रात्रीसुद्धा मेथीच्या जुड्या बांधून, माल भरून, पोरगं ओतूरवरनं माळशेज उतरून मुरबाड-कल्याण मार्गे पहाटे मुलुंडला पोचतं. सोसायटीच्या गेटवर बारापर्यंत उभं राहतं, भर उन्हात परत निघतं आणि संध्याकाळी पालखीत झोपाळलेल्या डोळ्यांनी नाचतं. विचारलं की एकच उत्तर: "एक बाजार चुकवला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईल."

माझं म्हणणं असं की हे उत्तर अर्धं खरं आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत खरं आहे. डबेवाला एकटा असता तर त्यालाही एप्रिलात गावी येता आलं नसतं.

बैलाला 37, माणसाला किती?

आधी उन्हाचं बोलू, कारण सुट्टीचा विषय काढला की "आळस" हा शब्द लगेच येतो.

किनारपट्टीला हवामान खातं उष्णतेची लाट ठरवतं त्याची सुरुवात 37 अंशांपासून होते. कमाल तापमान 37 किंवा जास्त आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर. आपल्याकडे घाटावर, सपाट भागात, हाच आकडा 40 आहे. फरक का, तर समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. घाटावरचा माणूस म्हणतो, "आमच्याकडं चाळीस असतं, मुंबईत पस्तीसच." शरीराला हा हिशोब मान्य नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं गेली, 14 मृत्यूंची नोंद झाली. त्या दिवशीचं तापमान चाळीसच्या आतच होतं.

आणि आता गंमत ऐका. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 सालचे केंद्राचे नियम आहेत. त्यात लिहिलंय की दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, मध्ये विश्रांती द्यायची, आणि जिथे तापमान 37 च्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. किती जण पाळतात तो वेगळा विषय. पण नियम आहे. नियम यायच्या आधीही आपल्याकडे अमावस्येला औत जुंपत नव्हते, आणि वर्षातनं एक दिवस पोळ्याचा होताच.

दुकानातल्या नोकरासाठीही कायदा आहे. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा 2017 सालचा, त्यात आठवड्याची सुट्टी आहे, कामाच्या मध्ये विश्रांती आहे. पण हा सगळा विचार चाकरी करणाऱ्यासाठी. जो स्वतःच मालक, स्वतःच हमाल, स्वतःच ड्रायव्हर आणि स्वतःच विक्रेता, त्याला "थांब" म्हणणारं कुणी नाही. तो बैलाला सोडतो आणि स्वतः जुंपलेला राहतो.

मालाचे मालक झालो, आणि दुकानदारही

जुलै 2016 मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा केला. त्याच सुमारास संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. मग 2020 चं टाळेबंदीचं वर्ष आलं. शहरातल्या सोसायट्यांनी स्वतःहून शेतकरी शोधले आणि आपल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतल्या. चांगलं झालं. मी त्या बाजूचाच आहे. अडत, तोलाई, कडता यांच्या कटकटीतनं सुटून चार पैसे जास्त मिळाले.

पण या व्यवहारात एक गोष्ट आपण मोजली नाही. बाजार समितीत माल टाकला की आपलं काम संपत होतं. पट्टी घेऊन माणूस घरी येऊन झोपत होता. आता काढणी आपली, जुडी आपली, गाडी आपली, रात्रीचा घाट आपला, सुट्टे पैसे आपले, "कालची मेथी पिवळी निघाली" हे ऐकून घेणंही आपलं. जास्तीचे चार पैसे हे या कामाची मजुरी आहे, नफा नाही. डायरीत ती मजुरी लिहून बघा. रात्रीची गाडी चालवायला भाड्याचा ड्रायव्हर लावला असता तर किती दिले असते, गेटवर विकायला माणूस ठेवला असता तर किती, तेवढं वजा करा. मग उरतं ते खरं.

त्यात रविवार गेला. रविवार हा साधासुधा वार नाही. 1890 साली, 10 जूनला, मुंबईच्या गिरणी मालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य केली. त्यासाठी झगडले नारायण मेघाजी लोखंडे, जोतिराव फुल्यांचे सहकारी, मूळ पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीत होतं. आणि डबेवाले आपल्या धंद्याची सुरुवात महादू हावजी बच्चे यांच्यापासून मानतात, तीही 1890 चीच. ऑफिस रविवारी बंद म्हणून डबाही रविवारी बंद. म्हणजे डबेवाल्याचा विसावा त्याच्या गिऱ्हाईकाच्या विसाव्याला बांधलेला आहे.

आपलं उलटं झालं. सोसायटीतल्या माणसाला सुट्टी असते तेव्हाच आपला बाजार भरतो. त्याचा रविवार म्हणजे आपली शनिवारची रात्र. तेव्हा आपल्याला दुसरा वार शोधायला लागणार, तो आपोआप मिळणार नाही.

तबेल्याची म्हैस

उपनगराचाच दुसरा एक धंदा आपल्या लोकांना नीट समजेल, तो म्हणजे म्हशींचे तबेले. अंधेरी-जोगेश्वरीकडे एकेकाळी तबेलेच तबेले होते. शहरातल्या म्हशी बाहेर हलवायच्या म्हणून 1949 साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली.

जुन्या तबेल्यांची रीत अशी होती की ताजी व्यालेली म्हैस गुजरातेतनं, उत्तरेतनं आणायची आणि दूध देईल तोवर पिळायची. आटली की तिला भाकड सांभाळायला मुंबईत जागा नाही, चारा विकतचा, पाणी विकतचं. म्हणून बऱ्याच चांगल्या चांगल्या म्हशी एका वेतानंतर कसायाच्या दारात जायच्या आणि त्यांच्या जागी नवी म्हैस यायची. धंद्याच्या हिशोबात हे बसत होतं, कारण भाकड काळाचा खर्च म्हैस बदलण्यापेक्षा महाग पडत होता.

गावाकडचा शेतकरी असं करत नाही. व्यायच्या आधी दोन महिने आपण म्हैस आटवतो. दूध देत असली तरी आटवतो. का, तर कासेला विसावा मिळाला नाही तर पुढच्या वेताला दूध मारलं जातं. हे कुठल्या कृषी अधिकाऱ्याने सांगायला लागत नाही, आज्जीला ठाऊक होतं. त्या दोन महिन्यांत दुधाचा पैसा शून्य आणि पेंडीचा खर्च चालू, तरी कुणी त्याला तोटा म्हणत नाही.

उपनगरात धंदा करायला गेलेला शेतकरी मात्र स्वतःला तबेल्याच्या हिशोबाने चालवतो. देतंय तोवर पिळा. फरक एवढाच की त्याला बदली म्हैस आणता येत नाही. पस्तिशीतच पाठीचा पट्टा लावून टेम्पो चालवणारी पोरं मला आमच्या पंचक्रोशीत बोटांवर मोजण्यापेक्षा जास्त दिसतात. माळशेजात पहाटे झोप लागून गाडी कठड्याला घासली, हे तर आता कुणी बातमी म्हणूनही सांगत नाही.

डबेवाला थांबतो कसा

डबेवाल्यांवर खूप लिहिलं गेलंय. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 साली त्यांच्यावर अभ्यास केला, 2003 साली इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले. सगळे कौतुक करतात ते चुका किती कमी होतात याचं. मला आपल्यासाठी दुसरी गोष्ट कामाची वाटते, ती म्हणजे या धंद्यात बसायची सोय कशी केलीय.

डबेवाला पगारी नोकर नाही. साधारण वीस-पंचवीस जणांचा गट, त्यावर मुकादम. गटाचं उत्पन्न एकत्र, खर्च वजा जाता वाटे सारखे. प्रत्येक जण त्या छोट्या धंद्याचा मालक. गटात गरजेपेक्षा दोन-तीन माणसं जास्तीची ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, तर बदली उभा राहतो आणि अंधेरीची लाईन चुकत नाही. या जास्तीच्या माणसांचा वाटा बाकी सगळ्यांच्या वाट्यातनं जातो. म्हणजे प्रत्येक जण रोज थोडं कमी घेतो आणि त्या बदल्यात अडचणीच्या दिवशी घरी बसता येण्याचा हक्क विकत घेतो. न सांगता दांडी मारली तर मात्र दंड आहे. सुट्टी आहे, पण सांगून.

एप्रिलची सुट्टीही अशीच. सगळे एकदम बंद, त्यामुळे एकाचं गिऱ्हाईक दुसरा पळवेल हा धोका नाही. तारीख आधी जाहीर. काळ असा निवडलेला की रामनवमी, महावीर जयंती, आंबेडकर जयंती अशा सुट्ट्या आसपास येतात, त्यामुळे ऑफिसचे बुडणारे दिवस तसेही कमी. आणि संघटना दरवर्षी गिऱ्हाईकांना सांगते की या दिवसांचे पैसे कापू नका. काही कापतही असतील, तरी मागणी उघड केलेली असते.

या सुट्टीने धंदा बुडाला का? मार्च 2020 मध्ये सेवा बंद पडली आणि मग घरून काम सुरू झालं, त्याने मात्र कंबर मोडली. टाळेबंदीच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले आणि दोन लाखांच्या आसपास डबे असं सांगितलं जायचं. नंतर संख्या खूप घटली, कित्येक जण गावाकडे शेतीवर परतले ते परतलेच. गिऱ्हाईकाची सवय तुटली ती त्या लांबलेल्या, तारीख नसलेल्या बंदने. सांगून घेतलेल्या आठवड्याने ती इतक्या वर्षांत तुटली नव्हती.

दुसरी बाजूही बघा

आता कुणी म्हणेल, सगळे एकदम बंद ठेवतात ते चांगलंच असतं का? नसतं. आपण शेतकऱ्यांनीच ते भोगलंय. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची रीत वर्षानुवर्षं होती. विसावा व्यापाऱ्याचा आणि हमालाचा, आणि दुसऱ्या दिवशी आवक तुंबून भाव पडला की तोटा आपला. साखळीतल्या एकाने अंग टाकलं की ओझं दुसऱ्यावर पडतं.

डब्याच्या सुट्टीतही कुणावर तरी पडतंच. आणि जत्रेच्या सुट्टीचं तर विचारूच नका. बाप्ये गाडे बघतात, घरातल्या बायका पन्नास पाहुण्यांच्या पोळ्या लाटतात, दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा. आमच्याकडे तर जत्रा संपल्यावर ताईमाणसं म्हणतात, "आता जरा शेतात जाऊन बसू द्या." तेव्हा जत्रा म्हणजेच विश्रांती असं मी म्हणत नाही. टेम्पोला सुट्टी द्यायची तर जुडी बांधणाऱ्या हातांनाही मिळाली पाहिजे. दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत ओल्या गोणपाटावर बसून जुड्या त्याच बांधतात, आणि पोरगं परत येईतो झोपही त्यांनाच लागत नाही. गटाच्या बैठकीला मात्र फक्त बाप्येच बसतात. सुट्टीची तारीख ठरवताना त्यांना विचारा, नाहीतर सुट्टी म्हणजे त्यांचं दुप्पट काम होईल.

मग बंद कधी रास्त आणि कधी अन्याय? मला वाटतं, समोरच्याला वेळेत कळलं आणि तो आपली सोय करू शकला तर रास्त. सोसायटीतल्या बाईला तीन आठवडे आधी सांगितलं तर ती त्या रविवारची भाजी नाक्यावरनं घेईल, तिचं काही अडत नाही. ऐनवेळी गेटवर कुणी आलंच नाही तर पुढच्या खेपेला तिचा फोन येत नाही.

उपनगरातले इतर छोटे धंदेवालेही हेच करतात. मे महिन्यात पोळी-भाजी केंद्राच्या शटरवर "गावी गेल्यामुळे बंद" असा कागद दिसतो, खाली उघडायची तारीख. त्या कागदावर तारीख असते, हे महत्त्वाचं.

आपल्या हिशोबात बसवायचं कसं

धरा, आठ जण मुलुंड-घाटकोपरला थेट भाजी नेतात. आठवड्याला दोन बाजार. आज आठही जण आठ गाड्या काढतात, म्हणजे प्रत्येकाच्या आठवड्याला दोन रात्री. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, माल कमी होतो, गाडी निम्मी रिकामी जाते, डिझेल मात्र पूर्ण. आठांचा माल चार गाड्यांत बसत असेल तर एका बाजाराला चार गाड्या, गाडीमागे दोन माणसं, तरी प्रत्येकाला आठवड्याला दोनच जावं लागेल, पण आळीपाळीने झोपत. दोन गाड्यांत बसत असेल तर बाजाराला चारच माणसं लागतील आणि प्रत्येकाची आठवड्याला एक रात्र वाचेल. एक रात्र ऐकायला छोटी वाटते. सलग दहा आठवडे मोजा.

अडचण कुठे येते ते सगळ्यांना माहीत आहे. "माझी मेथी आधी विकली नाही", "त्याची काकडी माझ्या भावात गेली". डबेवाल्यांचा सारखा वाटा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण डबा सगळ्यांचा सारखा, माल सगळ्यांचा सारखा नाही. पण डेअरीत आपण फॅट लावून दूध एकाच कॅनमध्ये ओततोच ना? कुणाच्या म्हशीचं दूध कुणी प्यालं हे कुणी विचारत नाही. भाजीतही प्रत लावा, वजन घ्या, त्या दिवसाची सरासरी काढा, शिल्लक मालाचा फटका वजनाच्या प्रमाणात वाटा. वही एकाने लिहायची, दुसऱ्याने तपासायची. पहिल्या हंगामात भांडणं होतील, ती झेलायची तयारी पाहिजे. जिथे भाऊ भावाला तराजूवर विश्वास देत नाही तिथे हे चालणार नाही, हेही स्पष्ट सांगतो.

आणि खरी सुट्टी पेरणीत ठरते. इथे कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींना माझं सांगणं आहे. तुम्ही उन्हाळी पिकाचं वेळापत्रक देता त्यात पाणी असतं, खत असतं, फवारणी असते, माणूस नसतो. 15 एप्रिलच्या आसपास आठवडा रिकामा हवा असेल तर मार्चच्या मध्यावर मेथी टाकायची नाही, कारण ती महिन्याच्या आत काढणीला येते. कोथिंबिरीला पस्तीस-चाळीस दिवस धरा, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यातला वाफा सोडायचा. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते, त्यामुळे "राहू दे चार दिवस" चालत नाही. पालेभाजीत एक फेर न पेरणं म्हणजेच सुट्टी. तो वाफा नांगरून तापू द्या, जमिनीतल्या किडी-रोगाचाही बंदोबस्त होतो.

भेंडी, गवार, काकडीचं तसं नाही. भेंडी दोन दिवस राहिली की जरड झाली. फेब्रुवारीतली लावण एप्रिलात ऐन भरात असते, तिचा तोडा थांबवता येत नाही. त्या आठवड्यात हा माल मंचर, नारायणगावला टाका. भाव कमी मिळेल. तो फरक आधीच धरून ठेवा आणि डायरीत "सुट्टीचा खर्च" म्हणून लिहा, "नुकसान" म्हणून नको. गावात राहिलेल्या मजूर बायकांना त्या तोड्याची मजुरी जत्रेच्या दिवसाची म्हणून थोडी जास्त द्या, नाहीतर कोण येणार?

ज्याचं एकट्याचं काम आहे, गट नाही, त्याने काय करायचं? मला त्याला खोटा दिलासा द्यायचा नाही. एकट्याला पूर्ण आठवडा जमणार नाही. पण निदान दुपारी बारा ते तीन गेटवर उभं राहणं बंद करा. त्या वेळात विकला जाणारा माल तसाही कोमेजलेला आणि घासाघीस केलेला असतो. अकराला पाट्या उचला, उरलेला माल कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला एकठोक द्या, सावलीला दोन तास झोपा आणि मग घाट चढा. मोबाईलवर हवामान खात्याचा उष्णतेचा इशारा येतो, तो पावसाच्या इशाऱ्याइतकाच मनावर घ्या.

आमच्या इकडच्या एका गटाने यंदा तारीख आधीच ठरवलीय. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मजकूर त्यांच्यासाठी मी लिहून दिला, तोच खाली देतो. गावाचं नाव आणि तारखा बदलून वापरा, विचारायची गरज नाही.

"नमस्कार. आमच्या गावची जत्रा असल्यामुळे येत्या महिन्यात दुसऱ्या आठवड्याचे दोन्ही बाजार बंद राहतील. हे तुम्हाला तीन आठवडे आधी कळवत आहोत. कांदा, बटाटा, लसूण जास्त लागणार असेल तर आदल्या रविवारी घेऊन ठेवा, त्या दिवशी माल जास्त आणू. पालेभाजी मात्र मिळणार नाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सहा वाजता नेहमीच्या गेटवर आहोत. उन्हामुळे मे अखेरपर्यंत बाजार अकरा वाजता उठेल. ज्यांना जत्रेला यायचं असेल त्यांनी जरूर यावं, जेवणाची सोय आहे."